बाळंतपणाआधीची विश्रांती : बाबासाहेबांच्या मागणीचा आपण विसरलेला अर्धा भाग

दरवर्षी १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो. भारतातल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा बाबासाहेबांनी मिळवून दिली, असा तो संदेश. खाली निळा झेंडा, जयभीम आणि 'पुढे पाठवा'. आपण पाठवतो. मग कुणीतरी विचारतं, कायदा तर १९६१ चा आहे आणि बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६ चं, मग त्यांनी तो केला कसा? आपल्या पोरांकडे उत्तर नसतं. हमरीतुमरी होते आणि विषय तिथेच संपतो.

आमचं म्हणणं असं की तो संदेश खोटा नाही, पण अर्धवट आहे. इतिहास नीट ठाऊक असेल तर प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देता येतं, हा झाला एक फायदा. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. त्या इतिहासातला जो भाग आपण गाळतो, तोच आज आपल्या कष्टकरी बायकांच्या सगळ्यात जास्त उपयोगाचा आहे. रजा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बाळ झाल्यानंतरचे दिवस येतात. १९२८ साली बाबासाहेब ज्या मागणीसाठी उभे राहिले, तिच्यात बाळंतपणाच्या आधीची विश्रांतीही तितक्याच ठामपणे होती. आणि आधीचा हाच काळ असा आहे, की ज्यात दिवस भरण्याअगोदर कळा सुरू होतात आणि अपुऱ्या दिवसांची लेकरं जन्माला येतात.

दिवस भरण्याअगोदर

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेल्या जन्माला वैद्यकशास्त्र मुदतपूर्व जन्म म्हणतं. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी मांडलेल्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली. त्यांतली ३० लाखांच्या वर एकट्या भारतातली. इतकी मोठी संख्या दुसऱ्या कुठल्याही देशाची नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या मृत्यूंचं जगातलं सर्वांत मोठं कारण आज मुदतपूर्व जन्मातून उद्भवणारी गुंतागुंत हेच आहे.

आपल्याकडे यावर एक समजूत आहे. सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आजही घरोघरी बोललं जातं. या समजुतीला कसलाही आधार नाही. पोटात जितके जास्त आठवडे, तितकी बाळाची फुफ्फुसं, मेंदू आणि आतडी तयार. म्हणजे आठव्या महिन्यातल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातल्या बाळापेक्षा जास्तच असते. समजूत निरुपद्रवी वाटते, पण तिच्यामुळे आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाबद्दल घर आधीच हात टेकतं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतून तरी ती हद्दपार व्हायला हवी.

कळा वेळेआधी का सुरू होतात? पुष्कळदा एकच नेमकं कारण सापडत नाही. म्हणून अशा बाईला 'तूच काळजी घेतली नाहीस' म्हणून दोष देणं अन्याय आहे. पण धोका कशाने वाढतो हे बऱ्यापैकी कळलेलं आहे. लघवीच्या मार्गातला आणि जननमार्गातला जंतुसंसर्ग, रक्तदाब, रक्तक्षय, आईचं कमी वजन, फार कोवळ्या वयातलं गरोदरपण, दोन बाळंतपणांतलं कमी अंतर, जुळी बाळं, तंबाखू. जड ओझी उचलणं आणि तासन् तास उभ्याने काम करणं यांचाही संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. आता ही यादी पुन्हा वाचा. लघवीचा संसर्ग कुणाला जास्त? जिच्या कामाच्या ठिकाणी संडास नाही आणि प्यायला पुरेसं पाणी नाही तिला. कमी वजन कुणाचं? जी घरात शेवटी जेवते तिचं. कोवळ्या वयात लग्न कुणाचं? जिच्या आईबापांना पोरीला मागे ठेवून कामासाठी परगावी जावं लागतं तिचं. यादी वैद्यकीय आहे, पण तिच्यातली निम्मी कारणं समाजाने घडवलेली आहेत.

हे रक्तात असतं का?

'त्यांच्यात असंच असतं' हे वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. हेच वाक्य अमेरिकेत कृष्णवर्णीयांनीही ऐकलं. तिथे कृष्णवर्णीय आयांची बाळं अपुऱ्या दिवसांत जन्मण्याचं प्रमाण गोऱ्या आयांच्या दीडपट आहे. २०२२ साली ते सुमारे साडेचौदा टक्के होतं, गोऱ्यांमध्ये साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. हा वंशाचा दोष असावा असं तिथले कित्येक तज्ज्ञ दीर्घकाळ मानत. १९९७ साली रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासल्या. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बाळांची वजनं गोऱ्या अमेरिकन बायकांच्या बाळांच्या जवळ जात होती. अमेरिकेतच जन्मलेल्या, तिथला वर्णद्वेष लहानपणापासून सोसलेल्या कृष्णवर्णीय बायकांची बाळं त्यांच्यापेक्षा हलकी होती. रक्ताचा दोष असता तर चित्र उलट दिसायला हवं होतं. बाळाचं वजन घटवणारी गोष्ट तिथल्या जगण्यात होती.

आपल्याकडची आकडेवारीही काही सांगते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांची संख्या अनुसूचित जातींत ४५.२ आणि अनुसूचित जमातींत ४४.४ होती. जे या किंवा इतर मागास प्रवर्गात येत नाहीत त्यांच्यात ती ३२.१ होती. हजारामागे बारा-तेरा लेकरांचा हा फरक कुठल्याही जनुकातून आलेला नाही. तो कुठून आला हे शोधायला इतिहासात जावं लागतं.

चौदा वर्षांच्या मुलीने विचारलेला प्रश्न

१८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्रात एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने बाळंतपणाचा विषय काढला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील याचा विचार तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून करा, आणि त्यात एखादा आजार जडला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा, असा तिचा रोख होता. भारतातल्या माता-आरोग्याच्या चर्चेचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्याने पहिलं पान या मुलीला द्यावं, असं आम्हाला वाटतं. बाळंतिणीच्या हालांमागे छप्पर, थंडी आणि पैसा आहे हे तिने तेव्हाच सांगून टाकलं होतं.

यातला क्रूर विनोद असा, की महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सुईणपण मांग बायकांकडेच होतं. ज्यांच्या हातावर सवर्णांची लेकरं जन्मली, नाळ कापायचा 'विटाळ' ज्यांनी आपल्या अंगावर घेतला, त्यांना एरवी त्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवता येत नव्हता. बाळंतपणातलं कसब त्यांचं आणि अपमानही त्यांचाच. विसावा मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलीने सातव्या महिन्यात माहेरी यायचं, ही आपल्याकडची रीत नीट पाहिली तर शेवटच्या दोन-अडीच महिन्यांच्या विश्रांतीचीच व्यवस्था आहे. पण ज्या माहेरातच हातावर पोट आहे, तिथे लेक आली काय आणि न आली काय, दुसऱ्या दिवशी तीही कामाला जाणार. विश्रांती ही मालमत्तेसारखी वाटली गेली होती. ज्याच्याकडे जमीन, त्याच्या लेकीला विश्रांती.

गिरणीच्या दारात

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या बायकांनी गावकी मागे टाकली, पण जात त्यांच्यासोबत आली. विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना तो विटाळ वाटे. चांगल्या मजुरीची ती जागा बंद. बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, कमी मजुरीवर. बाळंतपण आलं की काम सुटायचं आणि काम सुटलं की मजुरी. म्हणून जमेल तितके दिवस पोट लपवत काम करायचं आणि बाळ झालं की लगेच परतायचं. मागे राहिलेलं लेकरू रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारच्या वतीने डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांना जवळपास सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचं दिसलं. अफू देणाऱ्या आईला अडाणी म्हणणं सोपं होतं. तिला घरी बसवायची मजुरी कोण देणार, हा प्रश्न अवघड होता.

जगात त्यावर चर्चा सुरू झाली होती. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने मातृत्व संरक्षणाचा ठराव केला. बाळंतपणानंतर सहा आठवडे कामाला मनाई आणि आधी सहा आठवडे काम सोडण्याचा हक्क, दोन्ही काळात बाईला आणि बाळाला पुरेल इतका आधार. त्या ठरावात एक बारीक पण फार शहाणी तरतूद होती. बाळंतपणाची तारीख ठरवण्यात डॉक्टर किंवा सुईण चुकली, तरी त्या चुकीपायी बाईचा लाभ बुडता कामा नये. तारीख हुकते, कळा आपल्या वेळेने येतात, हे तो ठराव करणाऱ्यांना कळत होतं. भारत सरकारने तो ठराव स्वीकारला नाही. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय कायदेमंडळात याबाबत विधेयक आणलं, तेही फेटाळलं गेलं.

२८ जुलै १९२८

मग मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात आसवले यांनी मातृत्व लाभाचं विधेयक मांडलं. विधेयक त्यांचं होतं, हे आपण मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. त्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. २८ जुलै १९२८ रोजी त्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले. मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप तेव्हा चालू होता, आणि बाईच्या बाळंतपणाचा खर्च उद्योगाने का सोसावा, असा मालकांचा आणि त्यांच्या बाजूच्या सभासदांचा सूर होता.

बाबासाहेबांचा युक्तिवाद तीन पायऱ्यांचा होता. एक, आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर ठरावीक विश्रांती मिळण्यात राष्ट्राचं हित आहे. विधेयकाचा पायाच तो आहे. दोन, राष्ट्राचं हित आहे म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा. तीन, सरकार उचलत नाही म्हणून मालक सुटू शकत नाही. मालक बाईला कामावर घेतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून. मग त्या फायद्यासोबत येणारी जबाबदारीही त्याला घ्यावी लागेल.

यातली पहिली पायरी आपण पुन्हा पुन्हा वाचावी. गर्भारपणातली विश्रांती हा त्यात उपकार नाही, बाईच्या नाजूकपणाला दिलेली सवलतही नाही. तो राष्ट्राच्या हिशोबातला खर्च आहे. बोलणाऱ्या माणसाने दोनच वर्षांपूर्वी, जुलै १९२६ मध्ये, आपला राजरत्न गमावला होता. रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच लेकरांपैकी चार अशी गेली. गरिबीत लेकरू वाचवणं म्हणजे काय हे त्या सभागृहात त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही त्यांनी भावनेला हात घातला नाही. हिशोब मांडला.

१९२९ साली कायदा झाला. रोज आठ आणे असा लाभ, बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे. पण तो कारखान्यांपुरता होता. शेतात निंदणारी, खडी फोडणारी, रस्ते झाडणारी बाई त्यात नव्हती. म्हणजे आपल्यातल्या बहुतेक बायका बाहेरच. आणि सगळा खर्च मालकावर टाकल्यामुळे बाईला कामावर ठेवणं मालकाला महाग वाटू लागलं. पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घटत गेलं. त्याला रात्रपाळीची बंदी आणि यंत्रांतले बदल अशी इतर कारणंही होती, पण भार सरकारने उचलावा असं बाबासाहेब का म्हणत होते हे त्यावरून ध्यानात येतं.

खाणीतले दहा आठवडे

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. खाणींतल्या बायकांसाठीचा मातृत्व लाभ कायदा त्याआधी, १९४१ साली झाला होता. आधी चार आणि नंतर चार असे आठ आठवडे त्यात होते. पण आधीच्या चार आठवड्यांच्या शब्दरचनेत एक फट राहिली होती. लाभ 'कामावर गैरहजर' राहिल्याबद्दल मिळायचा. ज्या दिवशी खाणच बंद असेल त्या दिवशी बाई गैरहजर कशी म्हणायची, असा सवाल करून त्या दिवसाचे पैसे कापता येत होते. १९४३ साली बाबासाहेबांनी दुरुस्ती विधेयक आणून ही फट बुजवली. दुरुस्ती दोन-चार शब्दांची, पण दिवसाला आठ आणे मोजणाऱ्या बाईसाठी ते दोन-चार शब्द म्हणजे भाकरी होती.

इथे एक अवघड गोष्टही सांगायला हवी, कारण आपण भक्त नाही, अभ्यासक आहोत. १९४३ साली युद्धामुळे कोळसा कमी पडू लागला तेव्हा सरकारने भूमिगत खाणींत बायकांना काम करायला असलेली बंदी उठवली. देशभरातल्या स्त्री संघटनांनी विरोध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात त्यावर वाद झाला आणि मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना सरकारच्या निर्णयाचं समर्थन करावं लागलं. हा निर्णय पटण्यासारखा होता असं आम्ही म्हणणार नाही. पण पुढे काय झालं तेही पाहावं. १९४५ च्या दुरुस्तीने जमिनीखाली काम करणाऱ्या बाईसाठी बाळंतपणाआधीचा काळ चार आठवड्यांवरून दहा आठवड्यांवर गेला. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली.

दहा आठवडे म्हणजे साधारण सातवा महिना संपत येण्याची वेळ. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका ज्या काळात सर्वाधिक, तोच हा काळ.

याच मजूर खात्याच्या काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. अडारकर यांच्याकडे दिलं गेलं आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. बाळंतपणाचा खर्च एकट्या मालकाच्या खिशावर न टाकता विम्यातून भागवायचा, म्हणजे १९२८ च्या दुसऱ्या पायरीकडे टाकलेलं हे पाऊल होतं. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाची न्याय्य आणि मानवी परिस्थिती आणि मातृत्व साहाय्य यांची तरतूद करायला राज्याला सांगितलं गेलं. १९६१ चा कायदा त्या रांगेत शेवटी येतो. आता तो प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देता येईल : कायदा १९६१ चा, पण रस्ता १९२८ पासूनचा, आणि त्या रस्त्यावर बाबासाहेब तीन वेगवेगळ्या भूमिकांत उभे होते. आमदार, मजूरमंत्री आणि संविधानाचे शिल्पकार.

आणखी एक टप्पा सहसा कुणी सांगत नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. ठराव पडला. पण लागोपाठच्या बाळंतपणांनी बाईचं शरीर झिजतं आणि मूल कमकुवत निपजतं, हे आज डॉक्टर सांगतात तेच त्या मागणीच्या मुळाशी होतं.

कायदा कागदावर, बाई फडात

आजच्या कायद्यात आधीच्या काळासाठी काही तरतुदी आहेत आणि त्या नोकरी करणाऱ्या आपल्या बहिणींनाही ठाऊक नसतात. १९६१ च्या कायद्यानुसार, आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना बाईने मागणी केल्यास तिला अंगमेहनतीचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. सहा आठवडे आणि हा महिना मिळून पुन्हा तेच दहा आठवडे. शिवाय गरोदरपणातल्या आजारासाठी किंवा मुदतपूर्व जन्मामुळे आलेल्या आजारासाठी नेहमीच्या रजेखेरीज आणखी एक महिन्यापर्यंतची पगारी रजा मिळते. २०१७ पासून मूळ रजा २६ आठवड्यांची झाली आहे, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात.

पण हे सगळं कुणासाठी? जिच्याकडे हजेरीपत्रक आहे तिच्यासाठी. बीड, जालना, धाराशिवकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या बाईकडे हजेरीपत्रक नसतं. तिच्या नावावर उचलही नसते. ती नवऱ्यासोबत एका कोयत्यात मोजली जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत सुटका नाही आणि एक दिवस काम बुडालं की खाडा कापला जातो. सातव्या-आठव्या महिन्यात ही बाई पहाटे फडात असते, वाकून ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. राहायला कोपी, संडास नाही, पाणी लांब. वर दिलेली धोक्याची यादी तिच्या एका दिवसात पूर्ण होते. २०१९ साली बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाडा पडू नये म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकण्याची पाळी ज्या व्यवस्थेत येते, तिथे गर्भारपणाच्या शेवटच्या दहा आठवड्यांना काय किंमत असणार?

सरकारने उचलायच्या भाराचं काय झालं? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली तेव्हा तो ५,००० रुपये आणि तोही पहिल्या बाळापुरता झाला. नंतर दुसरी मुलगी झाल्यास तिच्यासाठी रक्कम देण्याची तरतूद आली. एका बाजूला कार्यालयातल्या बाईला २६ आठवड्यांचा पूर्ण पगार, दुसऱ्या बाजूला फडातल्या बाईला हप्त्याहप्त्याने पाच हजार. पहिलीचा हक्क कमी करा असं आम्ही म्हणत नाही. दुसरीचं बाळंतपण राष्ट्राच्या हिशोबात धरलं गेलेलंच नाही, एवढंच आमचं म्हणणं आहे.

वाचवता येतात

हताश व्हायचं कारण नाही, कारण अपुऱ्या दिवसांची लेकरं वाचवता येतात हे सिद्ध झालेलं आहे, आणि तेही महागड्या यंत्रांशिवाय. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या एका सरकारी प्रसूती रुग्णालयात उबवणी पेट्या कमी पडत होत्या, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. त्यातून कांगारू पद्धत जगभर गेली. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला ऊब, आईचं दूध आणि जंतुसंसर्गावर वेळेत औषध, एवढ्यावर ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. आज आशाताई घरोघरी जाऊन तेच काम करतात. त्यांना मात्र सरकार अजून कर्मचारी म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं. सुईणीच्या वाट्याला आलेला न्याय नव्या नावाने चालूच आहे.

मग आपण काय करायचं?

जयंतीला डीजे लावण्याआधी प्रत्येक शाखेने पुढची कामं हाती घ्यावीत, असा आमचा आग्रह आहे.

पहिलं काम माहितीचं. वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरात हे पोहोचलं पाहिजे : दिवस भरण्याआधी पोट पुन्हा पुन्हा आवळून येऊ लागलं, कंबरेत कळा भरू लागल्या, पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचं. फुफ्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देता येतं, हे १९७२ पासून ठाऊक आहे. पण त्याचा पूर्ण उपयोग व्हायला जन्माआधी साधारण एक दिवस हाताशी लागतो. तो दिवस घरी घालवला तर गेला.

दुसरं, नोंदणीचं. स्थलांतराआधी गावातल्या आशाताईंच्या मदतीने गरोदर बायकांची नावं, तारीख आणि जिथे जाणार त्या कारखान्याचं नाव लिहून घ्यावं आणि तिथल्या आरोग्य केंद्राला कळवावं. मातृवंदनेचे अर्ज भरून द्यावेत.

तिसरं, मागणीचं. साखर कारखान्यांकडे आणि सरकारकडे एकच मागणी घेऊन जावं : गरोदर ऊसतोड बाईला शेवटचे दहा आठवडे फडात उतरवायचं नाही, त्या काळाची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करायची, आणि तिच्या गैरहजेरीचा खाडा जोडीदाराच्या उचलीतून कापायचा नाही. हीच मागणी वीटभट्टीसाठी, बांधकामासाठी, घरकामासाठी. दहा आठवडे हा आकडा आमच्या मनातून आलेला नाही. १९४५ साली खाणीतल्या बाईसाठी तो कायद्यात आला आहे. ऐंशी वर्षांपूर्वी जे जमिनीखाली शक्य होतं ते आज जमिनीवर का शक्य नाही, एवढंच विचारायचं.

चौथं काम घरातलं आहे आणि त्यासाठी कुणाकडे निवेदन द्यावं लागत नाही. आपल्याच घरातली गरोदर बाई शेवटी जेवत असेल, पाण्याच्या कळशा तीच वाहत असेल, तर बाहेर मोर्चा काढण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो? राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय आहे. त्यांतली एखादी आपल्याच चुलीपाशी बसलेली असणार.

येत्या १४ एप्रिलला तो संदेश पुन्हा येईल. तो पुसून टाकू नका, दुरुस्त करून पाठवा. बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची विश्रांती राष्ट्राची जबाबदारी मानली होती, असं लिहा. आणि खाली आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला गेलेल्या किती गरोदर बायकांची नोंद आपल्या शाखेने केली, तो आकडा लिहा.

जयभीम!